दिवस फ्रान्सचा, पिवळी जर्सी दुसऱ्याची

टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत जिंकण्यासाठी एकही दिवस जिंकावा लागत नाही. पहिल्यांदा ऐकलं की हे विचित्र वाटतं, पण 1990 मध्ये अमेरिकेचा ग्रेग लेमाँड एकाही टप्प्यात पहिला न येता टूर जिंकला. 2017 मध्ये ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमनेही तेच केलं.

फ्रान्सचं दुखणं नेमकं उलटं आहे. तिथले सायकलपटू दिवस जिंकतात. कधी घाटमाथ्यावर एकटेच पोचतात, कधी 14 जुलैला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनी, सगळा देश रस्त्यावर आणतात. पण तीन आठवड्यांची बेरीज मांडली की वर नाव भलत्याच देशाचं असतं. 1903 मध्ये ही शर्यत फ्रान्सनेच सुरू केली आणि आजवर सर्वाधिक म्हणजे 36 विजेतेपदं त्यांचीच आहेत. त्यातलं शेवटचं 1985 चं, बर्नार इनोचं. (इंग्रजी वळणाने आपल्याकडे त्याला हिनॉल्ट लिहितात.) त्यानंतर पुरुषांच्या शर्यतीत एकही फ्रेंच माणूस पॅरिसला पिवळ्या जर्सीत पोचलेला नाही. चाळीस वर्षं हा देश ‘नवा इनो’ शोधतोय.

हा शोध एवढा लांबला कसा, हे कळायला आधी शर्यतीचं गणित पाहू. ते वाटतं तितकं अवघड नाही.

टूरमध्ये 21 टप्पे असतात आणि एकूण अंतर 3,300 किलोमीटरच्या आसपास. रोजची वेळ मिळवत जायची; ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पिवळ्या जर्सीचा मानकरी. अलीकडे विजेत्याला सगळे मिळून साधारण ऐंशी तास लागतात. आता गंमत बघा. सपाट टप्प्यावर दीडशे जण एका घोळक्यात शेवटची रेषा ओलांडतात तेव्हा त्या सगळ्यांना एकच वेळ मिळते. पुढे आलेल्याला फुलं, फोटो आणि फार तर काही सेकंदांची सूट. म्हणजे जिवाच्या आकांताने जिंकलेला तो दिवस बेरजेत जवळजवळ काहीच हलवत नाही.

बेरीज हलते ती तीन ठिकाणी: घाटात, आडव्या वाऱ्यात आणि टाइम ट्रायलमध्ये.

घाट समजायला सोपा आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो. टूरमध्ये घाटांचे गुण जमवणाऱ्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, कल्पना तीच. फक्त माप वेगळं. आपला घाट पाच-सहाशे मीटरची चढण. पिरेनीज पर्वतातला तुर्माले 19 किलोमीटरांत सुमारे 1,400 मीटर वर नेतो आणि माथा 2,115 मीटरवर. तेही बऱ्याचदा त्या दिवसाचा तिसरा किंवा चौथा घाट म्हणून.

आडव्या वाऱ्याची भानगड जरा निराळी. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाने चाललात तर तुमचे कष्ट निदान तीस टक्क्यांनी वाचतात. म्हणूनच संघात आठ जण असतात आणि त्यातले सात जण एकासाठी वारा खातात, बाटल्या आणतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून देतात. फ्रेंचमध्ये अशा मदतनिसाला ‘दोमेस्तिक’ म्हणतात, शब्दशः घरगडी. पण वारा बाजूने आला की आडोसाही तिरका होतो, रस्त्याच्या रुंदीत मोजकेच जण मावतात आणि बाकीच्यांची माळ तुटते. एकदा तुटलात की सपाट रस्त्यावरही मिनिटं जातात.

तिसरी जागा टाइम ट्रायल. माझ्या मते फ्रान्सची खरी गोष्ट इथे आहे. यात ना घोळका ना घरगडी. प्रत्येकाला एकेकटं सोडतात आणि वेळ मोजतात. तासाला पन्नास किलोमीटरच्या वेगात सायकलपटूची बहुतेक ताकद फक्त हवा कापण्यात जाते. समजा एक जण 60 किलोचा आहे आणि दर किलोमागे 6 वॅट देतो, एकूण 360. दुसरा 72 किलोचा, दर किलोमागे 5.6 देणारा, एकूण साधारण 403. चढावर पहिला पुढे जाईल, कारण तिथे प्रत्येक किलो वर ओढून न्यायचा असतो. सपाटीवर त्याच पहिल्याला दुसरा मागे टाकेल, कारण हवेला तुमचं वजन कळत नाही, तिला फक्त तुमची आकृती आणि एकूण जोर कळतो. टूर जिंकणारा माणूस या दोन्ही परीक्षांत पास व्हावा लागतो. चिमण्यासारखा हलका पण घड्याळासमोर न विरघळणारा, असं दुर्मीळ शरीर हवं.

इनो तसा होता. ब्रिटनीतल्या इफिन्याक गावचा, टोपणनाव ‘बिज्जू’ (बॅजर हा प्राणी), कारण कोंडीत सापडला की चावायचा. 1978 ते 1985 मध्ये त्याने पाच टूर जिंकल्या. इटली आणि स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यती धरल्या तर एकूण दहा. पण मुद्द्याची गोष्ट ही, की त्या काळची टाइम ट्रायलची सर्वांत मानाची शर्यत, ग्राँ प्री दे नासियों, त्याने पाचदा जिंकली होती. घड्याळ त्याच्या घरचं होतं. 1985 मध्ये सेंत-एतिएनला पडून त्याचं नाक मोडलं, डोळे काळेनिळे झाले, तरी पिवळी जर्सी हातची गेली नाही. त्यात तरुण लेमाँड त्याच्याच संघात होता आणि त्याला मागे थोपवून धरलं होतं, हेही सांगायला हवं. संघ एका माणसासाठी होता, आणि त्या माणसाला ते मागायला संकोच वाटत नव्हता. (निवृत्तीनंतर त्याने शेती केली, गायी पाळल्या आणि अनेक वर्षं टूरच्या व्यासपीठावर विजेत्यांचं स्वागत केलं. 2008 मध्ये नाँत इथे एक आंदोलक व्यासपीठावर चढला तर याने त्याला स्वतःच ढकलून खाली पाठवलं. बिज्जू तो बिज्जूच.)

त्याच्यानंतर जे झालं ते घड्याळानेच लिहिलं. 1989. लोरां फिन्यों, आधीच दोनदा टूर जिंकलेला पॅरिसकर, चष्मा आणि पोनीटेलवाला, शेवटच्या दिवशी लेमाँडच्या 50 सेकंद पुढे होता. शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल. लेमाँडने हँडलला ट्रायथलॉनवाल्यांसारखे पुढे आलेले दांडे लावले होते, त्यामुळे हात एकत्र आणि छाती खाली, हवेला भिडायला अंग कमी. फिन्योंने साधं हँडल ठेवलं, डोक्यावर काहीच नाही, पोनीटेल वाऱ्यावर. शिवाय बैठकीच्या जागी फोड आलेला, धड बसवत नव्हतं. 50 सेकंदांची आघाडी संपली आणि वर 8 सेकंद गेले. 3,285 किलोमीटरनंतर 8 सेकंद! त्याच वर्षी फिन्यों इटलीची शर्यत जिंकला होता, पण 2010 मध्ये तो गेला तेव्हा लोकांना आधी ते 8 सेकंदच आठवले.

त्याच्याही दोन वर्षं आधी जाँ-फ्रांस्वा बर्नार नावाचा तरुण होता. 1987 मध्ये त्याने मों व्हाँतूच्या चढावरची टाइम ट्रायल जिंकली, पिवळी जर्सी घेतली आणि वारस सापडला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी चाक पंक्चर झालं, प्रतिस्पर्ध्यांनी जेवणाच्या पिशव्या मिळतात त्याच जागी एकदम वेग वाढवला आणि जर्सी गेली. शेवटी तो तिसरा आला, पण वारशाचं ओझं उतरलं नाही. पुढची वर्षं त्याने स्पेनच्या मिगेल इंदुराइनचा मदतनीस म्हणून काढली. देशाने ज्याला राजा म्हटलं तो परक्याच्या घरचा गडी झाला. यात कमीपणा काहीच नाही, पण ‘नवा इनो’ हा शिक्का किती महाग पडतो ते यातून दिसतं.

नव्वदचं दशक वेगळ्याच कारणाने नासलं. ईपीओ नावाचं औषध आलं. ते रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, म्हणजे स्नायूंना जास्त प्राणवायू. घाटात याचा फायदा एवढा प्रचंड की प्रतिभेचा जुना हिशेबच मोडला. फ्रान्सचा लाडका रिशार विराँक 1997 मध्ये दुसरा आला आणि ठिपक्यांची जर्सी तर त्याने एकूण सात वेळा मिळवली. 1998 च्या जुलैत त्याच्या फेस्टिना संघाचा मालीशवाला गाडीभर औषधांसह फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला. पोलीस हॉटेलांत शिरले आणि संघ शर्यतीबाहेर गेला. दोन वर्षं नाकारून विराँकने 2000 मध्ये लीलच्या न्यायालयात कबुली दिली.

इथे एक अवघड वळण आहे. या धक्क्यानंतर फ्रान्सने आपल्या सायकलपटूंची वैद्यकीय तपासणी कडक केली. पोलिसी कारवाईची धास्तीही तिथे जास्त होती. सगळीकडे तसं नव्हतं. फ्रेंच सायकलपटू म्हणू लागले, ही दोन वेगांची शर्यत आहे. 1999 मध्ये तर एकाही फ्रेंच माणसाला एक टप्पासुद्धा जिंकता आला नाही. 1926 नंतर पहिल्यांदाच. त्या आणि पुढच्या सहा टूर लान्स आर्मस्ट्राँगच्या नावावर लागल्या आणि 2012 मध्ये औषधांपायी सगळ्या पुसल्या गेल्या. तेव्हा फ्रेंच लोक रडीचा डाव खेळत नव्हते हे उघड झालं. पण तोवर एक आख्खी पिढी ‘एकूण विजेतेपद आपल्यासाठी नाहीच’ असं धरून वाढली होती. प्रशिक्षकांनी, संघमालकांनी सवय बदलली: बेरजेच्या नादी लागू नका, एखादा दिवस पकडा. सुरुवातीलाच घोळक्यातून फुटून पुढे जाणाऱ्या टोळीत शिरा, दोनशे किलोमीटर टीव्हीवर दिसा, जमलं तर जिंका.

ही सवय फक्त मनाची नव्हती, पैशाचीही होती. फ्रेंच संघांचे प्रायोजक म्हणजे लॉटरी, विमा कंपन्या, कर्ज देणाऱ्या कंपन्या. यांचं गिऱ्हाईक घरचं. जुलैत त्यांचं नाव फ्रेंच टीव्हीवर झळकलं की पैसा वसूल. एका माणसाला तीन आठवडे जपायचं, सात जणांना त्याच्यासाठी झिजवायचं आणि तो पाचवा यावा, यापेक्षा दोन टप्पे जिंकलेले बरे. त्यात फ्रान्समध्ये मालकाला पगारावर सामाजिक सुरक्षेचे भरणे बरेच भरावे लागतात, म्हणजे तेवढ्याच पैशात माणसं कमी येतात. दुसऱ्या बाजूला 2010 पासून ब्रिटनचा स्काय संघ आला. वाऱ्याच्या बोगद्यात बसून सायकल तपासणारा, घाटात वॅट मोजत चढणारा, मदतनीसही असे की ते दुसरीकडे कप्तान झाले असते. 2012 ते 2019 मधल्या आठांपैकी सात टूर त्यांनी नेल्या. नंतर अमिरातींच्या पैशावरचा संघ, डच संघ. फ्रेंच तरुण मात्र बहुतेक घरच्याच संघात राहिले. आपली भाषा, आपलं जेवण, आपले पत्रकार. सुखाचं होतं ते.

आणि हरण्याचंही फ्रान्सला थोडं कौतुक आहे, असं मला नेहमी वाटतं. साठच्या दशकात जाक आंक्तिलने पाच टूर पुऱ्या केल्या, पण लोकांचं प्रेम मिळालं रेमों पुलिदोरला. तो तीनदा दुसरा, पाचदा तिसरा आला आणि पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवससुद्धा मिळाली नाही. त्याच्या कुटुंबात ती आलीच, 2021 मध्ये, नातवाच्या अंगावर. पण नातू मातिओ व्हान डर पूल नेदरलँड्सचा.

तरीही 2014 पासून काहीतरी हललं. त्या वर्षी जाँ-क्रिस्तोफ पेरो दुसरा आणि तिबो पिनो तिसरा आला. 1997 नंतर पहिल्यांदा फ्रेंच माणूस पहिल्या तिघांत. पेरो सदतिशीचा, पूर्वी अणुऊर्जेच्या कंपनीत इंजिनियर. पिनो चोवीसचा. मग रोमाँ बार्दे 2016 मध्ये दुसरा, 2017 मध्ये तिसरा. हा तिसरा क्रमांक कसा मिळाला ते पाहा. मार्सेच्या टाइम ट्रायलच्या सकाळी तो फ्रूमच्या फक्त 23 सेकंद मागे होता. 22.5 किलोमीटरनंतर 2 मिनिटं 20 सेकंद मागे, आणि चौथ्या आलेल्या माणसापेक्षा पुढे किती? एक सेकंद. घाटात ज्याला कुणी सहज झटकू शकत नव्हतं त्याला घड्याळाने असं सोललं. आयोजकांनी मधल्या काळात टाइम ट्रायल कमी केल्या होत्या. 2012 मध्ये शंभर किलोमीटरच्या वर होत्या, 2015 मध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल अवघी 13.8 किलोमीटर. घरच्या पोरांसाठीच हे चाललंय, अशी कुजबुज व्हायची. खरं असेल तरी उपयोग झाला नाही.

पिनोने घड्याळाचं भय घालवलं होतं, 2016 मध्ये तो टाइम ट्रायलचा राष्ट्रीय विजेताही झाला. 2019 मध्ये त्याच्या पायात जो जोर होता तो त्या शर्यतीत कदाचित कुणाकडेच नव्हता. पण आल्बीच्या टप्प्यावर आडव्या वाऱ्यात माळ तुटली आणि 1 मिनिट 40 सेकंद गेले. मग तुर्मालेचा माथा त्याने जिंकला, दुसऱ्या दिवशी आणखी वेळ परत मिळवली. त्याच वेळी ज्युलियाँ आलाफिलिप पिवळी जर्सी 14 दिवस धरून बसला होता. फ्रान्समध्ये त्या जुलैत एकाला नाही तर दुसऱ्याला मिळणारच असं वातावरण होतं. पॅरिसला दोन दिवस उरले असताना पिनो मांडीचा स्नायू फाटल्यामुळे रडत सायकलवरून उतरला. त्याच दुपारी गारपीट आणि दरडीमुळे टप्पा मध्येच थांबवला आणि जर्सी कोलंबियाच्या एगान बेर्नालकडे गेली. आलाफिलिप पाचवा. पिनो नंतर मेलिझे या आपल्या गावी, आपल्या शेळ्यांकडे परतला. 2023 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा व्होजच्या डोंगरात एका वळणावर चाहत्यांनी जी गर्दी केली, ती टूर जिंकलेल्यांच्याही नशिबी क्वचित येते. पुन्हा पुलिदोरच.

चाळीस वर्षांचा दुष्काळ शेवटी संपला, पण लोक ज्या दाराकडे डोळे लावून बसले होते तिथून नाही. 3 ऑगस्ट 2025 ला पॉलिन फेराँ-प्रेव्होने महिलांची टूर जिंकली. रँसची ही मुलगी डोंगरी सायकलिंगमध्ये पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन रस्त्यावर परतली होती. आली ती फ्रेंच संघात नाही, डच संघात, आणि येतानाच म्हणाली होती की तीन वर्षांत टूर जिंकायची आहे. पहिल्याच वर्षी जिंकली: माद्लेनच्या घाटात सगळ्यांना सोडून एकटी वर, आणि शेवटच्या दिवशी शातेललाही पहिली. या शर्यतीत टाइम ट्रायल नव्हती हे खरं. पण एक माणूस, एक उद्दिष्ट आणि त्याभोवती अख्खा संघ, हे इनोच्या काळचं सूत्र तिच्या बाबतीत पुन्हा दिसलं.

पुरुषांत आता नजर आहे ल्योंच्या पॉल सेक्सासवर. जन्म सप्टेंबर 2006 चा. 2024 मध्ये तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, आणि कशात? टाइम ट्रायलमध्ये. माझे कान तिथेच टवकारले. 2025 मध्ये, अठराव्या वर्षी, दोफिने या टूरच्या आधीच्या मोठ्या शर्यतीत आठवा. मग तरुणांची टूर समजली जाणारी तूर द लाव्हनीर त्याने जिंकली, आणि युरोपीय स्पर्धेत तो पोगाचार आणि एव्हेनपूल या आजच्या दोन बड्या सायकलपटूंच्या मागे तिसरा आला. त्याच्या फ्रेंच संघाने 2025 च्या टूरला मात्र त्याला नेलं नाही. जुलैतले कॅमेरे आणि पोस्टर जितके उशिरा भिडतील तितकं बरं, हा त्यातला शहाणपणा. संघाचं बजेटही आता पूर्वीसारखं तुटपुंजं राहिलेलं नाही, त्यामुळे चांगल्या पोराला परदेशी संघात जाऊ न देण्याइतकी ताकद निदान एका फ्रेंच संघात आली आहे.

अडचण एकच, तिचं नाव तादेइ पोगाचार. स्लोव्हेनिया, लोकसंख्या वीसेक लाख, म्हणजे पुण्याहूनही लहान. त्यानेही तूर द लाव्हनीर जिंकली होती, 2018 मध्ये. दोन वर्षांनी, 20 सप्टेंबर 2020 ला, तो पॅरिसला पिवळ्या जर्सीत पोचला, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. जर्सी त्याने मिळवली होती त्याच्याही आदल्या दिवशी, 36 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, आपल्याच देशाच्या प्रिमोझ रोग्लिचची 57 सेकंदांची आघाडी मोडून. त्या टाइम ट्रायलचा रस्ता मेलिझेतून, पिनोच्या गावातून जात होता. ल्योंच्या सेक्सासला तेव्हा चौदा वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते.